चांगल्या वहीवर हातच चालत नाही, तुमचं होतं का असं?

कच्चीवही_लातूर

नमस्कार मंडळी. मी लातूरला एका आडत दुकानावर मुनीम आहे. एकाच गादीवर चोवीस वर्षं झाली. प्रश्न साधा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल याला रिकामपण सुचलंय.

आमच्या धंद्यात दोन वह्या. एक पक्की, एक कच्ची. पक्की म्हणजे लाल कापडी बांधणीची. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते, पहिल्या पानावर एक श्री, खाली दोन, खाली तीन असा देवळाच्या शिखरासारखा उतार काढतात, आणि मग वर्षभर तिच्यात खाडाखोड चालत नाही. कच्ची म्हणजे फोनजवळ पडलेली. कुणाचे किती कट्टे उतरले, काट्यावर किती भरले, पोटलीत, म्हणजे सौद्यात, भाव काय निघाला, कोण उचल मागून गेला, सगळं घाईघाईनं तिच्यात. संध्याकाळी मेळ बसला की तिला कुणी विचारत नाही. आता पक्की सगळी कॉम्प्युटरात गेली, पूजेपुरती एक वही आणतो. कच्ची मात्र अजून आहे, कारण फोन कानाला असताना माऊस धरता येत नाही.

तर माझा एक कान दिवसभर फोनला. दाळ मिलवाला म्हणतो, "एक मिनिट हां मुनीमजी," आणि त्याचं मिनिट आठ मिनिटांचं असतं. तेवढ्यात हातातलं पेन आपोआप चालायला लागतं. समजा सोयाबीनचा ४२५० लिहिला आणि तिकडून आवाज आला ४२३५. पहिला आकडा खोडायचा. एक आडवी रेघ मारली की पुरे असतं, पण दलाल अजून दुसऱ्या फोनवर बोलतोय, म्हणून आणखी दोन मारतो. आता तुम्हीच बघा, आपल्या ४ ला मुळातच दोन शिंगं असतात. शिंगं दिसली की बैल आलाच. २ ची पाठ होते, ५ ला ओढून पोट करायचं, ० चा शेपटीचा गोंडा. खोडलेल्या रेघा म्हणजे झूल. आमचं गाव औसा तालुक्यातलं. पोळ्याला वडील फुलपात्राचा काठ गेरूत बुडवून बैलाच्या अंगावर गोल गोल ठसे उठवायचे, ते ठसे मी पेनानं उठवतो. जागा उरली तर कोपऱ्यात येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येला शेतात उभारतात ती, कोपी, कडब्याच्या पेंढ्या मोजून. भाव पक्का झाला की पेन थांबतं. अर्धा बैल तसाच राहतो, तीन पायांवर. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

हे चोवीस वर्षं चाललंय आणि मी याला कधी नाव दिलं नाही. शेठ म्हणायचे, "मुनीम रेघोट्या मारायलाय, म्हणजे सौदा लांबला." माझ्या रेघोट्यांवरून त्यांना बाजार कळायचा.

मागच्या दिवाळीला जुन्या कच्च्या वह्या रद्दीला काढल्या. काटा यायला उशीर होता म्हणून चाळत बसलो. एप्रिल २०१६ च्या वहीत बैल नाहीतच. नुसती रेल्वे. त्या महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली होती, पहिल्या खेपेला दहा डबे. मी काही स्टेशनवर बघायला गेलो नव्हतो. पण वहीत गोल गोल टाक्यांचे डबे, दहाच्या कितीतरी पुढं, पानाच्या कडेकडेनं वळत, खाली बेरजेच्या रेघेवरून रुळावरून जावं तसे गेलेले. मधेच कुणाचे तरी तुरीचे अकरा कट्टे लिहिलेत, त्यांना वळसा घालून. मला यातलं काही आठवत नव्हतं. घरात तेव्हा आठ-आठ दिवसांनी टँकरचं पाणी यायचं, ते आठवतं. रेल्वे काढलेली नाही आठवत.

ती वही मी घरी आणली. इथंच घोळ झाला. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीला आली होती, तिनं बघितली. "पप्पा, हे तुम्ही काढलं?" पुढच्या खेपेला येताना जाड कागदाची कोरी वही घेऊन आली आणि काळ्या पेनांचा संच, सहा जाडीची सहा पेनं. किंमत विचारली तर सांगेना. म्हणाली, "आता नीट काढा."

रविवारी आंघोळ करून, हात पुसून, टेबल पुसून बसलो. पाऊण तास गेला. एक बैल निघाला, तो पहिलीच्या पुस्तकातला. चारही पाय मोजून, डोळा डोळ्याच्या जागी, आणि तोंडावर भाव असा की पाहुणे आलेत म्हणून सदरा घालून बसवलंय. असे तीन रविवार झाले. बायको म्हणाली, "परीक्षेला बसल्यावानी काय बसलाय?" सोमवारी दुकानात फोन आला आणि वीजबिलाच्या पाठीवर असा काही बैल आला, उधळलेला, की मीच बघत राहिलो.

तर विचारायचं ते हे. तुमचं होतं का असं? आणि यावर काही उपाय आहे का? पोरगी दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, किती पानं झाली. तिचं मन मोडवत नाही.

---

परभणीची_सून

दादा, आधी एक खरं सांगा. त्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिलंय का?

---

कच्चीवही_लातूर

लिहिलंय.

---

परभणीची_सून

मग संपलंच की! तुम्ही तिला पक्की करून टाकली. आता तिच्यात खाडाखोड कशी कराल?

माझं रांगोळीचं सांगते. रोज सकाळी सडा टाकला की दारात चार बोटांची रांगोळी काढते. कधी ठिपक्यांची, कधी नुसती चिमटीतून सोडत गेलं की होईल ती. नळाला पाणी आलं तर अर्धी टाकून पळते. नऊ वाजेपर्यंत दूधवाल्याच्या गाडीचं चाक तिच्यावरून गेलेलं असतं. कुणी विचारत नाही, मीही बघत नाही. पण गणपतीत कॉलनीत स्पर्धा असते. तिथं १५ ठिपके ते ८, चौकट आखून दिलेली, वर दोन परीक्षक आणि एक फोटोवाला. बारा वर्षं रोज रांगोळी काढणारी मी, पण तिथं माझी चिमूट थरथरते. मागच्या वर्षी एक ओळ ठिपक्यांची चुकली आणि सगळं कमळ एका बाजूला कललं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, छान आहे हो, वाऱ्यावरचं वाटतं.

उपाय सांगते, माझ्या आजेसासूबाईंचा. नवं लुगडं नेसायच्या आधी त्याच्या काठाला हळदीचं बोट लावायच्या. म्हणायच्या, आता डाग पडायची भीती गेली. तुम्ही त्या वहीत किराणा लिहा. तेल, साखर, कपड्याचा साबण. मग बघा.

---

रेणापूरकर

मुनीमजी, राग येऊ देऊ नका पण बोलतो. आम्ही सोयाबीन घेऊन येताव, दिवसभर आडतीसमोर ट्रॅक्टर लावून बसताव. आत तुमचा सौदा लांबलेला. आम्हाला वाटतंय आत आमच्या भावासाठी भांडण चाललंय. आणि तुम्ही बैल काढायलाव होय? मालाच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई बिनचूक कापता, तिथं कधी फूल काढलेलं बघितलं नाही.

आणि बैल काढता तर चांगला काढत जा. आमच्याकडची जोडी तीन वर्षांखाली विकली. आता दारात ट्रॅक्टर. पोळ्याला मातीचे आणताव.

---

कच्चीवही_लातूर

रेणापूरकर, राग कशाचा. तुमचं अर्धं खरं आहे. पण भावाचं भांडण फोनवर चालतं तेव्हा जास्तीत जास्त वेळ गप्प बसण्यात जातो. समोरचा गप्प, मीही गप्प. जो आधी बोलला त्याचे पाच-दहा रुपये गेले. मला गप्प बसवत नाही, स्वभावच तसा. पेन चालू असलं की तोंड बंद राहतं. आता हे तुमच्या किती कामाचं ते तुम्ही ठरवा.

पट्टीवर फूल काढत नाही कारण पट्टी पक्की असते. या दिवाळीनंतर माल घेऊन आलात तर गादीवर या, तुमच्या जोडीचे रंग सांगा. फोन आला तर काढून देतो. फोन नाही आला तर नाही जमायचं.

---

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. रेघोट्या मारणाऱ्या पोरांच्या वह्या किती जप्त केल्या त्याची मोजदाद नाही. शेवटच्या बाकावर एक होता, समासात नुसते चौकोन काढायचा, चौकोनात चौकोन, पान भरून. त्याच्या वहीवर मी लाल शाईनं "पालकांना भेटावे" लिहिलं होतं. पालक आले, वडील गवंडी होते. वही बघून म्हणाले, "हे तर फरशीचं डिझाइन हाय." मी त्यांनाही झापलं. असो.

नंतर निवृत्तीच्या जवळपास मला उलामची गोष्ट वाचायला मिळाली. स्टॅनिस्लॉ उलाम हा मोठा गणिती. १९६३ साली एका सभेत लांबलचक, कंटाळवाणा निबंध वाचला जात होता आणि हा पुढच्या कागदावर चौकटी आखत बसला होता. सुचलं म्हणून मधल्या घरात १ लिहिला आणि त्याच्याभोवती गोगलगाईसारखे २, ३, ४ असे आकडे गुंडाळत गेला. मग त्यातल्या मूळ संख्यांना नुसते गोल केले. बघतो तर गोल कुठंही विखुरलेले नाहीत, तिरक्या रेषांवर गर्दी करून बसलेत. तो आकार आज उलामचं सर्पिल म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या वर्षी अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विज्ञान मासिकाच्या मुखपृष्ठावर आला.

करून बघा, चौकटीची वही आणि एक लांबलेला फोन पुरेल. मध्ये १, उजवीकडे २, त्याच्या वर ३, मग डावीकडे ४ आणि ५, खाली ६ आणि ७, उजवीकडे ८, ९, १० असं घेत चला. ३, १३, ३१ एका तिरक्या ओळीत येतात, ५, १७, ३७ दुसऱ्या. तिसऱ्या वेढ्यापर्यंत हात आपोआप चालायला लागतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मीही हे सर्पिल एकदा कार्डशीटवर, पट्टी लावून, नातवाच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी काढायला बसलो. एकोणिसाव्या आकड्यावर चुकलो.

---

बायो_बॅकबेंच

काका, मी लातूरलाच नीटची तयारी करतेय, रिपीटर. तुमच्या मार्केटपासून माझं होस्टेल लांब नाही.

आमच्याकडे तीन-तीन तासांचं लेक्चर असतं. माझ्या नोट्समध्ये नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळणीची, आकृती असते, तिला हळूहळू चाकं येतात, मग डबे येतात. (तुमची रेल्वे वाचून हसू आलं.) रूममेट म्हणते तुझं लक्ष नसतं. पण मला तोच भाग पक्का आठवतो, हेन्लेचा वळसा कुठं खाली जातो ते मी झोपेतही सांगीन, कारण तिथं माझ्या गाडीचा घाट आहे.

तिला गप्प करायला मी शोधलं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४० जणांवर प्रयोग केला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच मिनिटांचा एक रटाळ फोन निरोप सगळ्यांना ऐकवला, पार्टीला कोण येणार, कोण नाही, गावांची नावं वगैरे. निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार पेन्सिलनं भरायला सांगितले, निम्मे नुसते ऐकत बसले. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतं. रेघोट्यावाल्यांना सरासरी ७.५ नावं आठवली, बाकीच्यांना ५.८. म्हणजे २९ टक्के जास्त. त्यांचा अंदाज असा की कंटाळा आला की मन दिवास्वप्नात निघून जातं आणि हाताला बारीकसं काम असलं की ते तेवढं लांब जात नाही.

रूममेट म्हणाली, ४० च जण? आणि त्यांनी छापलेले गोल-चौकोन भरले, तुझ्यासारखी रेल्वे नाही काढली. यावर मला उत्तर देता आलं नाही, ती फिजिक्सला पण माझ्यापेक्षा पुढे आहे.

पण मला वाटतं तुमचं यातच आहे. रविवारी तुम्ही ऐकत काय होता? काहीच नाही. मन मोकळं आणि डोळे हातावर. म्हणून बिघडलं.

---

कपाटवाला_नांदेड

ग्रंथालयात आयुष्य गेलं, त्यामुळे एकच नोंद जोडतो. रवींद्रनाथांचं असंच होतं. कवितेत शब्द खोडायचे आणि ते खोडलेले डाग तसेच ठेवायचं जिवावर यायचं, म्हणून एका डागातून दुसऱ्यात रेघ न्यायचे. त्यातून चोचीचे प्राणी, मुखवटे, कसले कसले पक्षी उठायचे. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम होता, तेव्हा 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात हे फार वाढलं. त्यांच्या यजमानीण व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती पानं बघून कौतुक केलं, आणि १९३० मध्ये पॅरिसला चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेही बाईंच्याच खटपटीनं. तेव्हा गुरुदेवांचं वय जवळजवळ ६९. सगळी मिळून दोन हजारांवर चित्रं काढली, कोऱ्या कागदावर.

तेव्हा मुनीमजी, कोऱ्या कागदावर येतच नाही असं म्हणता यायचं नाही. तुमच्या ४२५० सारखंच त्यांचंही खोडण्यातून आलं, एवढं मात्र खरं.

---

कच्चीवही_लातूर

सगळ्यांना नमस्कार. आठ दिवस तुरीच्या आवकेत गेले म्हणून उशीर झाला.

कपाटवाले साहेब, तुमची नोंद वाचून रात्री झोप लागेना. खोडलेलं तसंच ठेवायचं जिवावर येतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो मी वेळ घालवतोय. बाकी त्यांच्याशी बरोबरी नको, ते गुरुदेव आणि मी गादीवरचा माणूस. त्यांच्याकडं व्हिक्टोरियाबाई होत्या, माझ्याकडं पोरगी आहे, आणि ती दर बुधवारी पानं मोजते. एवढा फरक राहू द्या.

मास्तर, सर्पिल केलं. दोनशेपर्यंत गेलो. जालन्याच्या एका पार्टीनं वीस मिनिटं होल्डवर ठेवलं होतं, पहिल्यांदाच त्याचे आभार मानले. शेठचा मुलगा मागून बघत होता, त्याला वाटलं नवीन हिशेब आहे, काही बोलला नाही.

आता वहीचं. ताई, तुमचं ऐकलं आणि थोडं बदललं. घरी किराणा लिहून बघितला, पण तो सुद्धा सुवाच्य अक्षरात आला, साबणापुढं मी स्वल्पविराम दिला. मग लेकीनं लिहिलंय (बायो_बॅकबेंचला म्हणतोय, पुण्याच्या नाही) की तुम्ही ऐकत काय होता, ते पटलं. वही उचलली आणि दुकानात नेली. फोनच्या डाव्या अंगाला कच्चीची जागा असते, तिथं ठेवली. कच्ची उचलून टेबलाच्या खणात टाकली. सहा पेनांतलं सगळ्यात जाड एक ठेवलं, बाकीची पाच घरी.

पहिला फोन आला तेव्हा मी सवयीनं खणाकडं हात नेला. मग हीच पुढं ओढली. श्री च्या शिखराखाली एका दलालाचा नंबर लिहिला. चुकीचा ऐकला होता, सातच्या जागी नऊ. खोडला. जाड कागदावर जाड पेनची रेघ अशी काही बसली की हाताला कळलं. दलाल बोलत होता, तुरीच्या ओलाव्यावर त्याचं काहीतरी चाललं होतं, मी हां हां करत होतो. फोन ठेवला तर नंबराला पाठ फुटली होती.

दुपारपर्यंत दोन पानं झाली. रेणापूरकर, एक बैल तुमच्यासाठी राखून ठेवलाय, रंग अजून भरला नाही. तुम्ही सांगितलेच नाहीत.

बुधवारी पोरीला दाखवलं. आधी तिनं नंबर वाचले, मग डाळीचे भाव वाचले, मग म्हणाली, "पप्पा, हे काय केलंत चांगल्या वहीचं?" आणि मग थोडा वेळ गप्प बसली. मीही गप्प बसलो. भावाच्या बाबतीत जे करतो तेच. शेवटी तीच म्हणाली, "कॅमेरा जरा जवळ धरा."

काल शेठनं बोलता बोलता चहाचा कप तिसऱ्या कोऱ्या पानावर ठेवला. उचलला तर खाली लालसर गोल उमटलेला, अगदी फुलपात्राच्या काठाएवढा. एरवी रविवारी तो पुसत बसलो असतो. तेवढ्यात सोलापूरचा फोन वाजला. गोल होताच, मी त्याच्याभोवती बैल काढायला घेतला.